पाठ फिरवणारे मल्लूअण्णा

मल्लूअण्णांनी पहिल्याच भेटीत माझा टेम्पो अडवला होता.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. गडमुडशिंगीच्या हायस्कुलात गणिताची बाई म्हणून मी रुजू होणार होते आणि माझा सगळा संसार, म्हणजे एक कॉट, एक स्टोव्ह आणि पुस्तकांची खोकी, टेम्पोत घालून भाड्याच्या खोलीकडे निघाले होते. गल्लीच्या तोंडाशी एक धिप्पाड माणूस सायकल आडवी लावून रस्त्याच्या मधोमध उभा. कपाळावर विभूतीचे पांढरेशुभ्र पट्टे आणि त्याखाली भाजून काळवंडलेला चेहरा. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला तसा त्या माणसानं पंजा वर केला.

"जरा थांबा पावणं. मागं म्हातारं माणूस बसलंय."

मी मान वाकडी करून पाहिलं. त्याच्या पाठीमागे, कुंपणाच्या निवडुंगाशी, कुणी परगावचे म्हातारबाबा अडचण झाली म्हणून घाईघाईनं बसले होते.

"बसंनात का," टेम्पोवाला म्हणाला. "आमी काय बघतोय व्हय त्येंच्याकडं?"

"तुमी बघत न्हाय वो. पर त्येस्नी वाटतंय की! आपल्याकडं कोण बघितलं तर आपल्याला तरी हुतीया का?"

हे संभाषण एवढ्या मोठ्यानं झालं की दोन्ही बाजूंच्या घरांतून बायका बाहेर आल्या. म्हातारबाबांची अब्रू राखायच्या नादात या गृहस्थांनी गल्लीभर बातमी केली होती. बाबा कसेबसे उठले, धोतर सावरत निघून गेले, आणि मग सायकल बाजूला झाली. खोलीचं कुलूप उघडताना कळलं की ही असामी माझ्या भिंतीला भिंत लावून राहते.

नाव मल्लाप्पा. गल्ली त्यांना मल्लूअण्णा म्हणायची. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते भट्टीवर होते. वितळलेलं लोखंड साच्यात ओतणं हे त्यांचं काम. तिथल्या खडखडाटात उभा जन्म गेल्यामुळे कान अर्धे गेलेले आणि आवाज दुप्पट झालेला. अण्णा कुजबुजले तरी तिसऱ्या घरात ऐकू जायचं. रोज संध्याकाळी ते सायकलवरून येत, दारातल्या दगडावर बसून तास-तासभर अंग घासत, मग गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन पूजेला बसत. पूजेतले मंत्रसुद्धा मला भिंतीपलीकडून पाठ झाले होते.

त्यांची बायको गौराक्का. माहेर सीमेपलीकडचं. त्या देवाशी आणि जनावरांशी कानडीत बोलायच्या आणि नवऱ्याशी मराठीत. भांडायला मराठी बरी पडते, असं त्यांनी मला एकदा गंभीरपणे सांगितलं होतं. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

एकदा नववीच्या मुलांना कारखाना दाखवायला मी शिरोलीला घेऊन गेले होते. तिथे अण्णांना कामावर पाहिलं. वाळूचे साचे ओळीनं मांडलेले. प्रत्येक साच्याला वरून दोन भोकं. एकातून लोखंड ओतायचं. ते आतून सगळीकडे फिरतं आणि साचा भरला की दुसऱ्या भोकातून वर दिसायला लागतं. त्या दुसऱ्या भोकाला ते लोक रायझर म्हणतात. रायझरला लोखंड दिसलं नाही तर समजायचं, आत कुठेतरी वाट तुंबली. तरीही ओतत राहिलं तर लोखंड वरून उसळतं आणि जवळ उभ्या असलेल्यांना भाजतं. अण्णा ओतत होते आणि त्यांचे डोळे त्या छोट्या भोकावर खिळलेले होते. मी समोर उभी, मालक शेजारी उभे, चाळीस पोरं चिवचिवत होती, पण त्यांनी मान हलवली नाही. लाल ठिपका वर आला तसे ते ओरडले, "आलं!" आणि पुढच्या साच्याकडे वळले.

संध्याकाळी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, सकाळी बोललो न्हाय म्हणून राग मानू नगा. ओतताना देव आला तरी मी बघत न्हाय. मागं एक पोरगं असंच दुसरीकडं बघत ओतत हुतं. त्येचा पाय गेला."

एवढं लक्ष देऊन काम करणारा हा माणूस एका बाबतीत मात्र ठरवून लक्ष द्यायचा नाही. कुणी आडोशाला गेलं की अण्णा पाठ फिरवून उभे. माणूस असो, पोर असो, त्यांना फरक नव्हता. लग्नाच्या वऱ्हाडात, शेतात, हायवेवर गाडी थांबली की तिथे, अण्णा आपले पहाऱ्यावर. आणि हाच नियम त्यांनी कोक्यालाही लावला.

कोक्या फौंड्रीतच सापडला. थंडीच्या दिवसांत ओतकाम झालेल्या गरम वाळूवर भटकी कुत्री झोपायला यायची. त्यातली एक कुत्री हायवेवर ट्रकखाली गेली आणि मागे राहिलेलं एक काळं पिल्लू अण्णांनी जेवणाच्या पिशवीतून घरी आणलं. भट्टीत जळतो त्या कोकसारखा काळाकुट्ट म्हणून कोक्या. गौराक्कांनी पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला, "अय्यो, डब्याच्या पिशवीत कुत्रं?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी कानडीत बोलायला सुरुवात केली. तेव्हाच मी ओळखलं की कोक्या घरातला झाला.

रोज सकाळी आणि संध्याकाळी अण्णा त्याला घेऊन निघायचे. गल्लीच्या टोकाला विजेचा खांब होता. कोक्या खांब हुंगायचा, गोल फिरायचा, पाय वर करायचा, आणि त्याच क्षणी अण्णा त्याच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, आभाळाकडे बघत उभे राहायचे. कोक्याचं उरकलं की तो येऊन त्यांच्या पोटरीला नाक लावायचा. मग दोघं पुढच्या खांबाकडे.

"अण्णा, कुत्र्याला कसली लाज?" मी एकदा हसून विचारलं.

"त्येलाच इचारा की! करताना कसा माझ्याकडं बघतंय त्ये. डोळं बघा त्येचं. मग मीच वळतो." आणि वर म्हणाले, "मुक्या जीवानं सांगायचं कसं, अण्णा तिकडं बघा म्हणून?"

मी तेव्हा पुष्कळ हसले होते.

अण्णांचं दुसरं शास्त्र म्हणजे उष्णता. जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ अंगातली उष्णता, आणि उपाय एकच, पाणी. भट्टीवरच्या माणसांना घाम गाळून गाळून लघवीला जळजळ व्हायची, उन्हाळी लागायची. तिथे जुन्या लोकांनी शिकवलेलं औषध म्हणजे धन्याचं पाणी, जिऱ्याचं पाणी, ताक, आणि पुन्हा पाणी. फौंड्रीत त्यानं गुण यायचा, म्हणून अण्णांनी ते सगळीकडे लावलं. डोकं दुखलं, पाणी प्या. पोरगं नापास झालं, डोक्यात उष्णता शिरलीय, पाणी पाजा. एका उन्हाळ्यात पेपर तपासत बसून बसून मलाच उन्हाळी लागली. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण माझ्या फेऱ्या भिंतीपलीकडे ऐकू गेल्या असाव्यात. गौराक्का तांब्याभर धन्याचं पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ह्येनी दिलंय. कशाला दिलंय ते सांगाय लाजत्यात. प्या." दोन दिवसांत मला बरं वाटलं. त्यामुळे अण्णांच्या शास्त्रावर हसायची माझी सोय राहिली नाही.

वर्षं गेली. अण्णा निवृत्त झाले. कोक्याच्या तोंडाभोवती पांढरे केस आले, उठताना त्याचे मागचे पाय लटपटायला लागले. आता त्या दोघांचं फिरणं सावकाश चालायचं. खांबापाशी कोक्याला वेळ लागायचा आणि अण्णाही तेवढा वेळ पाठ करून उभे राहायचे. कधी कधी इतका वेळ की पानपट्टीवरचा शिवा ओरडायचा, "अण्णा, झोपला काय वो?"

"म्हातारं झालंय ते. तुला बी हुईल उशीर, कळंल मग," अण्णा म्हणायचे.

एप्रिल महिना होता. शाळेच्या परीक्षा संपत आल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी अण्णा मला दारातूनच म्हणाले की कोक्याला उन्हाळी लागलीया, सारखं खांबाकडं ओढतंय, आणि करून आलं की लगेच परत जायाला बघतंय. तांब्या हातात होताच. कोक्या पाणी प्यायला तयार नव्हता तर अण्णांनी त्याचा जबडा धरून चमच्यानं धन्याचं पाणी घातलं. रात्री ताक. सकाळी उठल्यावर पुन्हा पाणी. ओलं पोतं अंथरून त्याला त्यावर निजवलं.

रविवारी सकाळी मी केस धुऊन बाहेर आले तर कोक्या अंगणात उभा होता. पाठीला बाक काढलेला, पाय फाकलेले. बसत नव्हता, चालत नव्हता. मधूनच कुंथायचा आणि अगदी बारीक आवाजात कुंई करायचा. मग तो ओकला. ताक आणि पाणी. गौराक्का त्याच्याशी कानडीत काहीतरी बोलत होत्या आणि पदरानं त्याचं तोंड पुसत होत्या. अण्णा तांब्या हातात धरून तसेच उभे.

"अण्णा, हे उन्हाळीचं दिसत नाही," मी म्हणाले. "दवाखान्यात नेऊ या."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. शिवाच्या मेव्हण्याची रिक्षा होती. अण्णांनी कोक्याला पोत्यासकट उचलून मांडीवर घेतलं. प्रत्येक खड्ड्याला कोक्या विव्हळायचा आणि अण्णा रिक्षावाल्यावर ओरडायचे. कोल्हापूर येईपर्यंत त्यांचा घसा बसला.

कुत्र्यांचा खासगी दवाखाना तेव्हा कोल्हापुरात नवीनच. डॉक्टर कांबळे. आत पाऊल टाकलं आणि अण्णा दारातच थबकले. माझ्याजवळ येऊन त्यांनी हळू आवाजात, म्हणजे सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल असं, विचारलं, "बाई, गडी डॉक्टर न्हाय व्हय हितं?"

"नाही," आतून उत्तर आलं. "मीच आहे. आणा त्याला इकडे."

डॉक्टर कांबळे मॅडम पस्तिशीच्या असतील. त्यांनी कोक्याला टेबलावर घेतलं आणि काय होतंय म्हणून विचारलं. अण्णांनी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लावली. एकीकडे बाई डॉक्टर, दुसरीकडे शाळेची बाई.

"त्येला... जरा उष्णता झालीया."

"लघवी होते का त्याला?"

"व्हय की. खांबाजवळ जातंय, पाय वर करतंय, लई येळ हुबं ऱ्हातंय."

"पाय वर करतो, ते कळलं. धार येते का?"

अण्णा कॅलेंडरच वाचत राहिले.

"बरं, तुम्ही शेवटची धार कधी पाहिलीत?"

"म्या बघितली न्हाय."

"काल नाही? परवा?"

"कधीच न्हाय बघितली, मॅडम." अण्णांचा आवाज पहिल्यांदाच माझ्या कानांना साध्या माणसासारखा वाटला. "त्ये करताना मी पाठ करून हुबा ऱ्हातो. पहिल्यापास्नं."

मला वाटलं, आता डॉक्टर हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कोक्याच्या पोटाखालून हात फिरवला आणि मग अण्णांचा हात धरून तिथे ठेवला. "हे टणक लागतंय ना? ही लघवीची पिशवी आहे. काठोकाठ भरली आहे. पाणी पाजलंत का?"

"पाजलं की. काल धरनं. धन्याचं, जिऱ्याचं, ताक."

मॅडमनी सरळ समजावून सांगितलं. म्हाताऱ्या नर कुत्र्यांना असं होतं. पिशवीत खडे तयार होतात. त्यातला एखादा लघवीच्या वाटेत उतरतो. नराच्या त्या जागी हाड असतं, त्यामुळे वाट ताणली जात नाही, आणि खडा बरोबर हाडामागे अडकतो. मग लघवी तुंबते, विष रक्तात जायला लागतं, पिशवी फुटूही शकते. जनावर पुन्हा पुन्हा पाय वर करतं, माणसाला वाटतं, करतंय. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून त्या थांबल्या आणि सुई भरायला वळल्या.

अण्णांचा हात अजून कोक्याच्या पोटावरच होता.

"म्हंजे भायेर यायची वाट तुंबलीया," ते म्हणाले, "आन् मी वरनं वतत बसलो."

"तुम्हाला माहीत नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

"म्हाईत न्हवतं कसं? आख्खी नोकरी त्येच केलं की वो मी." ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमी बघितलंयसा. रायझरवरनं नजर काढली न्हाय कधी. परक्याच्या लोखंडासाठनं डोळं जाळून घेतलं. आन् ह्येच्याकडं..." तेवढा मोठा माणूस टेबलाची कड धरून रडायला लागला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो किती रुंद आहे, एवढंच त्या वेळी माझ्या मनात आलं.

मॅडमनी आधी पोटातून सुईनं थोडी लघवी काढून घेतली. कोक्याचा श्वास सैल झाला. मग त्यांनी खालून बारीक नळी घातली. ती अडली. नळीतून सलाईनचा दाब देऊन त्या तो खडा मागे पिशवीत ढकलायला बघत होत्या. एकदा, दोनदा, पुन्हा. कपाळावर घाम आला होता. मग त्यांनी नळी हळूच पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "अण्णा, इकडे या. बघा."

अण्णांची मान सवयीनं भिंतीकडे वळली होती.

"वळा म्हणते ना. बघा इकडे."

कोक्या टेबलावर आडवा पडून त्यांच्याकडेच बघत होता. अण्णांनी एकदा त्याच्या डोळ्यांत पाहिलं, मग जोर लावल्यासारखी मान खाली वळवली. नळीच्या टोकाला आधी लालसर थेंब आला, मग दुसरा, आणि मग धार लागली.

"आलं!" अण्णा ओरडले.

बाहेर बाकड्यांपाशी बांधलेली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली.

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. एक्स-रेत पिशवीत आणखी खडे दिसले. आज मागे ढकललेला खडा उद्या पुन्हा येऊन बसणार होता. मॅडम म्हणाल्या, चार दिवस सलाईन लावून रक्त सुधारू द्या, मग ऑपरेशन. खडे काढायचे आणि हाडाच्या मागे, वाट रुंद असते तिथे, लघवीला नवीन तोंड करायचं. त्यासाठी वृषणं काढावी लागतील. वय झालंय, भुलीचा धोका आहे, पण न करण्यात जास्त धोका आहे.

बाहेर बाकड्यावर डॉबरमन घेऊन बसलेल्या एका मिशाळ गृहस्थांनी हे ऐकलं. "अण्णा, गड्याचं गडीपण काढून घेताय व्हय? त्यापरास मेलेलं बरं की."

अण्णांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. विभूतीचे पट्टे घामानं पुसून गेले होते. मलाही वाटलं, गडीपणाचंच कोडं पडलंय. पुरुषांचं काही सांगता येत नाही. थोड्या वेळानं ते उठून आत गेले आणि त्यांनी मॅडमना विचारलं, "त्येला मग बसून करावी लागंल?"

"बहुतेक. मादीसारखी."

"पाय वर करून पटकन उरकत हुता. बसायचं म्हंजे येळ लागणार. आडोसा लागंल त्येला."

"आडोसा खुशाल करा," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही बघायचं. रोज, प्रत्येक वेळी. धार बारीक झाली, थेंब थेंब यायला लागले, की त्याच दिवशी इथे आणायचं. त्याला सांगता येत नाही, अण्णा. तुम्ही पाठ केलीत तर कुणालाच कळणार नाही."

"त्यो माझ्याकडं बघतोय वो करताना."

"बघू दे."

अण्णांनी मान डोलावली. "करा ऑपरेशन."

ऑपरेशनच्या दिवशी गौराक्का आल्या. कोक्याला आत नेण्याआधी त्यांनी त्याच्या कपाळाला विभूती लावली आणि त्याच्या कानाशी कानडीत बराच वेळ काही सांगितलं. काय सांगितलं म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "भिऊ नको म्हटलं. आणि ह्यो माणूस वाईट न्हाय, अडाणी हाय म्हटलं." अण्णा ऐकत होते. नेहमी ते उलट बोलायचे, त्या दिवशी "खरं हाय" म्हणाले.

कोक्या वाचला. खड्यांची एक लहानशी डबी मॅडमनी अण्णांना दाखवायला दिली. त्यांनी एक खडा बोटांत धरून उजेडात फिरवून पाहिला. "एवढंसं," ते म्हणाले आणि डबी परत दिली.

त्यानंतरचे दिवस गल्लीला करमणुकीचे गेले. कोक्या खांबाशी गेला की अण्णा चष्मा लावून त्याच्या मागे उकिडवे बसायचे. कोक्याला हे मुळीच मान्य नव्हतं. तो वळून त्यांच्याकडे बघायचा आणि खांबाच्या पलीकडे जायचा. अण्णा बसल्या बसल्या सरकत पलीकडे. तो अलीकडे यायचा, अण्णाही अलीकडे. दोघांच्या खांबाभोवती प्रदक्षिणा चालायच्या. "रागावू नगंस बाबा," अण्णा त्याला समजवायचे, "मॅडमनी सांगितलंय. माझी हौस न्हाय." शेवटी कोक्या नाइलाजानं जुन्या सवयीनं पाय वर करायचा. धार मात्र आता सरळ खाली पडायची. तिच्याकडे तो जरा आश्चर्यानं बघायचा. मग गल्लीभर आवाज घुमायचा.

"आलं!"

घरात गौराक्का तो ऐकूनच चहाचं आधण ठेवायच्या. मीही हळूहळू त्या आवाजावर शाळेला निघायला लागले.

पानपट्टीवर चेष्टा व्हायचीच. "अण्णा, कोक्याची आता कोकी झाली की वो," शिवा एकदा म्हणाला.

"झाली तर झाली. हाय न्हवं जित्ता? बास."

आणि एक गंमत म्हणजे, ज्या विषयाला अण्णा आयुष्यभर पाठ दाखवत आले, तोच आता त्यांच्या तोंडात बसला. गल्लीतला कुणीही वयस्कर पुरुष भेटला की राम राम झाल्यावर पुढचा प्रश्न, तोही भट्टीवरच्या आवाजात, "धार बरोबर येती न्हवं?" म्हातारे त्यांना बघून बोळ बदलायला लागले. शिवाचे वडील तर त्यांच्याशी भांडले, चारचौघांत काय विचारतो म्हणून. पण आठवड्याभरानं तेच अण्णांच्या दारात येऊन खाली बघत उभे राहिले. रात्रभर उठबस होते, पण होत काहीच नाही, असं म्हणाले. अण्णांनी एक शब्द न बोलता रिक्षा बोलावली आणि त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. परत आल्यावर मात्र त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. मला कळली ती शिवाकडून. उघड्यावरची लाज त्यांनी सोडली होती, पण दुसऱ्याची झाकायची सवय गेली नव्हती. अण्णांची मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

माझी बदली संस्थेच्या मुरगूडच्या शाळेत झाली तेव्हा कोक्या फारच थकला होता. डोळ्यांवर दुधाळ पडदा आलेला, ऐकू जवळजवळ येत नव्हतं. आता दोघंही बहिरे, म्हणून अण्णा त्याच्याशी आणखी मोठ्यानं बोलायचे. एकदा मधे धार बारीक झाली होती, तेव्हा त्यांनी त्याच तासाला रिक्षा गाठली होती. मॅडम म्हणाल्या, आता ऑपरेशन झेपायचं नाही, औषधावर जितकं चालेल तितकं. म्हणजे प्रत्येक सकाळ ही परीक्षाच होती.

निघायच्या सकाळी टेम्पो दारात आला. या वेळी खोकी जास्त होती. गौराक्कांनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्या हातात दिला, माझ्या गालांवरून हात फिरवला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी कानडीत काहीतरी बोलल्या. मला शब्द कळले नाहीत, पण डोळे भरून आले. अण्णा घरात नव्हते. "कोक्याला घेऊन गेल्यात," गौराक्का म्हणाल्या. "लई येळ झाला."

टेम्पो गल्लीच्या टोकाला आला आणि थांबला. रस्त्यातच, खांबापाशी, कोक्या पाय फाकून उभा होता आणि त्याच्या मागे अण्णा उकिडवे बसले होते. आमच्याकडे पाठ. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. अण्णांनी मागे न बघताच पंजा वर केला.

"थांबा पावणं."

मी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं आणि खाली उतरले. जवळ गेले नाही. कोक्याची पाठ बाकलेली होती, मागचे पाय थरथरत होते. अण्णांनी एक हात त्याच्या पोटाखाली आधाराला धरला होता. पानपट्टीवर शिवा चुन्याची काडी हातात धरून उभा होता. काहीच होत नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मला सांगायचं होतं की येते अण्णा, तब्येतीला जपा, मुरगूडला या एकदा. त्यातलं काहीच आता महत्त्वाचं नव्हतं. आम्ही सगळे त्या खांबाच्या बुंध्याकडे बघत होतो.

"आलं," अण्णा म्हणाले. ओरडले नाहीत. त्यांच्याकडून इतक्या हळू आलेला शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

मग वर धरलेला पंजा त्यांनी हलवला, जावा आता, अशा अर्थानं, आणि सायकल बाजूला घ्यावी तसे बसल्या बसल्या जरासे सरकले. टेम्पो त्यांच्या शेजारून गेला. मी वाकून पाहिलं. माझ्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती. त्यांचे डोळे धारेवर होते.